भविष्य छापून मिळेल

इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात गेली पंचवीस वर्षं एक वचन हिंडतंय. सर्किटं आता छापायची. वर्तमानपत्र छापतात तशी. एका टोकाला प्लॅस्टिकचं रीळ चढवायचं, मधल्या सिलिंडरांवर चांदीची शाई, आणि दुसऱ्या टोकाला गुंडाळून येणारं इलेक्ट्रॉनिक्स उतरवून घ्यायचं. नगावर मोजायचं कारण नाही, किलोमीटरवर मोजा. वाकतं, दुमडतं, फुटत नाही आणि किंमत कवडीची. मग दुधाची पिशवी आपणहून सांगणार की मी नासलेय. गोळ्यांचं पाकीट मुलाला कळवणार की बाबांनी रात्रीची गोळी खाल्लेली नाही. खिडकीचा पडदा वीज बनवणार, भिंतीवरचा कागद उजेड देणार.

हे सगळं येत्या पाच वर्षांत व्हायचं होतं. २००० सालीही पाच, २०१० सालीही पाच. या धंद्यात सर्वांत लवचिक माल कोणता निघाला असेल तर ही मुदत.

*

सुरुवात चांगल्या घरातली होती. २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना मिळालं, कारण त्यांनी प्लॅस्टिकमधून वीज वाहवून दाखवली होती. त्या शोधाचा एक धागा शिराकावांच्या प्रयोगशाळेतल्या एका गफलतीकडे जातो. प्रयोगात उत्प्रेरक हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी, चकचकीत पापुद्रा तयार झाला. रसायनात हजारपट चुकलं ते फळलं. पुढे गुंतवणूकदारांच्या सभांमध्ये आश्वासनं त्याच मापाने पडू लागली. तिथे मात्र हाती भुकटीच आली.

हीगर नुसते नोबेल घेऊन बसले नाहीत. २००१ साली अमेरिकेतल्या लोवेल गावी ‘कोनार्का’ नावाची कंपनी निघाली, तिच्या संस्थापकांत ते होते. नाव कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून. कारण मूळ काम मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या सुकांत त्रिपाठी यांच्या गटाचं. माल काय, तर रिळावर छापलेला सौर पापुद्रा. २००८ मध्ये कंपनीने न्यू बेडफर्ड इथला पोलरॉइडचा जुना कारखाना घेतला. फिल्मवर थर चढवणारी यंत्रं तिथे तयार होती, फिल्म विकत घेणारे उरले नव्हते. आपल्याकडे कुणीतरी निदान वास्तुशांत करून घ्या म्हटलं असतं.

खासगी गुंतवणुकीचे सुमारे १७ कोटी डॉलर आणि सरकारी अनुदानाचे सुमारे २ कोटी, एवढं खत घातल्यावर प्रयोगशाळेत विक्रमी पीक आलं ८.३ टक्के. म्हणजे उन्हाचे शंभर भाग आत, विजेचे आठ बाहेर. त्याच काळात साधं, जाडजूड, न वाकणारं सिलिकॉनचं पॅनेल जवळपास दुप्पट वीज देत होतं, तेही पंचवीस वर्षांच्या हमीवर. शिवाय त्याचा कच्चा माल, पॉलिसिलिकॉन, २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या वर होता तो २०१२ पर्यंत ३० च्या खाली आला. रिळाचं सगळं गणित सिलिकॉन महागच राहणार या भरवशावर मांडलेलं. चिनी कारखान्यांनी तो भरवसाच मोडीत काढला. जून २०१२ मध्ये कोनार्का दिवाळखोरीत गेली.

योगायोग बघा. त्याच आठवड्यात अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी बंद पडलेल्या ‘सॉलिंड्रा’ कारखान्यासमोर उभे राहून, सौर कंपन्यांत सरकारी पैसा कसा बुडवला म्हणून ओबामांना झोडपत होते. आता कोनार्काला २००३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या निधीतून १५ लाख डॉलर मिळाले, तेव्हा त्या राज्याचे गव्हर्नर कोण होते? रॉम्नी. फीत कापायला सगळे पक्ष असतात. पंचनाम्याला फक्त विरोधक.

‘नॅनोसोलर’ची तऱ्हा निराळी. कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने ॲल्युमिनियमच्या फॉइलवर सौर शाई छापली आणि यंत्र मिनिटाला १०० फूट धावतंय हे २००८ साली जगाला दाखवलं. गुंतवणूकदारांचे ४० कोटींहून जास्त डॉलर त्यापेक्षाही जोरात धावले. २०१३ मध्ये सगळंच थांबलं. वेगाचा प्रश्न मुळात नव्हताच. रीळ कितीही वेगाने पळवता येतं. त्यावर काय उमटतंय, घोडं तिथे पेंड खातं.

*

रोटरीवर काम केलेल्या कुणालाही विचारा. चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत की रजिस्टर सुटतं आणि पहिल्या पानावरच्या नटीचे ओठ गालावर जातात. वाचक हसतो, मजकूर वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच अंकात भेळ बांधली जाते. ट्रान्झिस्टरच्या नशिबी भेळ नाही. त्याचे थर चार-पाच. गेट, त्यावर इन्सुलेशन, अर्धवाहक, दोन टोकांचे धातूचे पट्टे. हे सगळं धावत्या प्लॅस्टिकवर एकावर एक बसवायचं, तेही दहा-वीस मायक्रॉनच्या फरकात. माणसाचा केसच सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा असतो.

त्यात प्लॅस्टिक शहाण्यासारखं धावत नाही, धावता धावता ताणलं जातं. चांदीची शाई नुसती वाळून भागत नाही. तिचे कण एकमेकांना धरायला तिला शंभर-सव्वाशे अंशांवर भाजावी लागते, आणि पॉलिएस्टर सत्तर-ऐंशी अंशांनाच ढिलं पडायला लागतं. मीटरभर रुंदीचं पॉलिएस्टर नुसतं दहा अंशांनी तापलं तरी दीडशे मायक्रॉन पसरतं. म्हणजे दोन केस. म्हणजे ओठ गालावर.

आता साधा हिशेब करू. समजा छपाईत हजारात एकच ट्रान्झिस्टर बिघडतो. ९९.९ टक्के. शाळेत एवढे पडले तर गल्लीभर पेढे. पण हजार ट्रान्झिस्टरांचं सर्किट चालायला हजारच्या हजार चालावे लागतात, आणि अशी सर्किटं निघतात शंभरात ३७. गुण ९९ टक्क्यांवर आले तर तेवीस हजार सर्किटांत एक चालतं. इंटेलच्या १९७१ सालच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये २,३०० ट्रान्झिस्टर होते. म्हणजे अर्धशतकापूर्वीचा मेंदू छापायचा तरी रिळाची ही दमछाक. किलोमीटरच्या किलोमीटर छापता येतं यात शंका नाही. रद्दीही किलोमीटरनेच निघते.

दक्षिण कोरियातल्या सुनचॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या सोबतीने २०१० मध्ये कार्बन नॅनोट्यूबची शाई वापरून प्लॅस्टिकवर रेडिओ टॅग छापला. खरोखर चालला. काम कष्टाचं आणि कौतुकाचं. त्यात माहिती मावत होती एक बिट. ‘आहे’ किंवा ‘नाही’. हसू नका, आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांतल्या खिडक्यांवर एवढंही कळत नाही.

*

मग हातात दिसतात ते वाकणारे चमत्कार येतात कुठून? काचेवरून. मौज अशी की लवचिक इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा दिमाख ताठ काचेच्या आधाराने उभा आहे.

केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून २००० साली निघालेल्या ‘प्लॅस्टिक लॉजिक’ने जर्मनीत ड्रेस्डेनला २००८ मध्ये कारखाना उघडला. प्लॅस्टिक काचेला चिकटवायचं, सर्किट करायचं, मग सोलून काढायचं. जानेवारी २०१० मध्ये लास वेगासला त्यांनी ‘क्यू’ नावाचं वाचनयंत्र दाखवलं. ६४९ आणि ७९९ डॉलर. काळं-पांढरं. तीन आठवड्यांच्या आत स्टीव्ह जॉब्ज आयपॅड घेऊन मंचावर आले. ४९९ डॉलर. काचेचा, न वाकणारा, पडला तर तडकणारा आणि रंगीत. ऑगस्टमध्ये ‘क्यू’ बाजारात येण्याआधीच रद्द झाला. वाकणारी वस्तू हवी असं ग्राहकाने कधी म्हटलंच नव्हतं. त्याला पिक्चर बघायचा होता.

घडीचे फोनही त्याच वाटेने आले. काचेवर पॉलिइमाइडचा थर, त्यावर सर्किट, शेवटी लेझरने काच सुटी. रीळ कुठेच नाही. सॅमसंगने २०१९ मध्ये पहिला घडीचा फोन परीक्षणाला दिला, तेव्हा काही परीक्षकांनी वरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलली आणि पडदे मेले. विक्री सप्टेंबरपर्यंत पुढे गेली. नमुने आधी मराठी घरांत द्यायला हवे होते. आम्ही रिमोटची पिशवी आणि नव्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक फाटेपर्यंत काढत नाही. एकही पडदा मेला नसता.

२०२१ साली ‘आर्म’ आणि ‘प्रॅग्मॅटिक’ यांनी प्लॅस्टिकवरचा प्रोसेसर करून दाखवला. १८ हजारांहून जास्त गेट्स, ‘नेचर’मध्ये निबंध, सगळं अस्सल. पण छपाई? नाही. चिपच्या कारखान्यातली प्रकाशाने कोरायचीच पद्धत, फक्त सिलिकॉनच्या जागी प्लॅस्टिक. ज्याच्या जिवावर क्रांती व्हायची होती ते रीळ या वरातीत दिसलंच नाही.

*

आणि मग बोलणारी बाटली. २०१५ साली बार्सिलोनाच्या मोबाइल मेळाव्यात ‘थिनफिल्म’ या नॉर्वेच्या कंपनीने जॉनी वॉकर ब्लू लेबलच्या बाटलीवर छापील इलेक्ट्रॉनिक्सचा टॅग चिकटवला. फोन जवळ नेला की कळणार, बूच फोडलंय की नाही. नकली मालाला आळा बसावा हा हेतू चांगलाच. पण बाटली उघडली आहे का, हे आमच्याकडे घरच्यांना दार उघडल्या उघडल्या कळतं. चिप लागत नाही.

थिनफिल्मने पुढे कॅलिफोर्नियात स्टीलच्या रिळावर टॅग काढायची मोठी जुळवाजुळव केली. काही वर्षांत टॅग सोडून कंपनी इवल्या बॅटऱ्यांकडे वळली आणि २०२१ मध्ये नावही बदललं, ‘एन्सर्ज’. बाटलीवर लेबल चिकटवता चिकटवता स्वतःचंच लेबल बदललं.

*

एवढं झोडपल्यावर न्याय म्हणून सांगायला हवं, छापील इलेक्ट्रॉनिक्स बुडालेलं नाही. ते दणक्यात चालू आहे. फक्त त्याची पत्रकार परिषद होत नाही.

घरातला बंद पडलेला स्वस्त कीबोर्ड उघडा. बटणांखाली दोन-तीन पारदर्शक प्लॅस्टिकचे ताव निघतील आणि त्यावर राखाडी-चंदेरी रेघांचं जाळं. ती छापलेली चांदी. वॉशिंग मशीनच्या बटणपट्टीच्या पोटातही बहुधा हेच. एकही रेघ विचार करत नाही. बोट पडलं की दोन रेघा टेकतात, एवढीच तिची अक्कल, आणि म्हणून ती वर्षानुवर्षं चालते.

गाडीच्या काचेवरचा फास्टॅग घ्या. २०२१ च्या फेब्रुवारीपासून सक्तीचा. त्याचा अँटेना म्हणजे प्लॅस्टिकच्या रिळावर निघालेली धातूची वळणं. मधोमध मोहरीहून लहान सिलिकॉनची चिप, जी छापलेली नाही, रीतसर चिपच्या कारखान्यातून आलेली. टॅगमध्ये बॅटरी नाही. नाक्यावरच्या रेडिओलहरींवरच तो जागा होतो आणि आपला नंबर सांगून पुन्हा झोपतो. अंग रिळाचं, डोकं सिलिकॉनचं. युती चालते ती अशी, खातेवाटप पहिल्या दिवशी ठरल्यावर. पुढच्या गाडीच्या खात्यात पैसे नसतात आणि मागे रांग लागते, त्याला मात्र कुठलंच तंत्रज्ञान काही करू शकत नाही.

आणि या सगळ्यांचा राजा: शुगर तपासायची पट्टी. केंब्रिज, कॅलिफोर्निया, ड्रेस्डेन यांनी जे करायचं योजलं ते काकूंच्या औषधाच्या डब्यात कधीचंच येऊन पडलंय. ऑक्सफर्ड आणि क्रॅनफिल्डच्या संशोधनातून निघालेलं ‘एक्झॅकटेक’ हे पेनाच्या आकाराचं मीटर १९८७ मध्ये बाजारात आलं, छापील इलेक्ट्रोडच्या पट्टीसकट. पट्टी उजेडात धरून बघा. तळाला पॉलिएस्टर, त्यावर कार्बनच्या शाईच्या काळ्या रेघा, टोकाशी इवलीशी खिडकी, खिडकीत एन्झाइमची शाई. मायक्रोलीटरभर किंवा त्याहूनही कमी रक्त आपणच आत ओढलं जातं, पाच सेकंदांत आकडा. मग पट्टी कचऱ्यात.

यात खरी हुशारी कुठे आहे? छपाई कधीच तंतोतंत येत नाही, हे या लोकांनी आधीच मान्य केलं. शाईचा एक घाण दुसऱ्यासारखा उतरत नाही. म्हणून जुन्या मीटरमध्ये पट्ट्यांच्या डबीवरचा कोड घालावा लागायचा. पट्टीच्या खोडी मीटरला आधीच कळवलेल्या असायच्या. शहाणपण सगळं मीटरमधल्या सिलिकॉनकडे, पट्टीने फक्त मठ्ठपणे रक्त प्यायचं. आंतरराष्ट्रीय मानकही समजूतदार. १०० च्या वरची शुगर असेल तर १०० पैकी ९५ वेळा आकडा १५ टक्क्यांच्या आत आला की पास. एकाच बोटाचे सकाळी दोन आकडे आले म्हणून घरात जो वाद पेटतो, त्यातली दोन्ही माणसं मानकानुसार बरोबर असतात. जिलबी कुणी खाल्ली हा वाद वेगळा.

रिळाची कुवत बघायची तर इथे बघा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात मधुमेही १० कोटींच्या वर. पट्टी सहा मिलिमीटर रुंदीची धरली आणि प्रत्येकाने एकदाच बोट टोचलं, तर पट्ट्या शेजारी शेजारी मांडून ६०० किलोमीटर भरतात. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. बाकीचे १०० किलोमीटर महिनाभराच्या लग्नसराईत सहज भरून निघतील.

आणि ही सगळी वाट एकदा वापरून फेकायची. प्लॅस्टिक, कार्बन, काही ठिकाणी चांदी, वर रक्ताचा थेंब. इलेक्ट्रॉनिक कचरा म्हणावा की दवाखान्याचा, हे ठरेपर्यंत घंटागाडी पुढच्या सोसायटीत पोहोचलेली असते. वस्तू इतकी स्वस्त झाली की ती परत गोळा करणं महाग पडतं, हा स्वस्ताईचा उरलेला हप्ता आहे. तो भरायला पुढची पिढी बसलीच आहे.

*

थोडक्यात, रिळाकडून अक्कल छापून घ्यायला गेलेले बुडाले. बावळटपणा छापून घेणारे बंगले बांधून बसले. डोकं सिलिकॉनला द्या, ते त्याला दर वर्षी स्वस्तात जमतंय. रिळाला द्या ते काम, जे लांबलचक आहे, पातळ आहे, लाखोंनी लागतं आणि ज्यात थोडं इकडेतिकडे चालतं. रेघा, अँटेना, इलेक्ट्रोड, थर. माणसांच्या बाबतीत आपण याच्या बरोबर उलट वागतो, हेही खरं. ज्याच्याकडे मीटर नाही त्याला व्यासपीठावर बसवतो आणि ज्याला कळतं त्याला रांगेत उभं करतो.

फिनलंडमध्ये ऊलूला आणि आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या लवचिक इलेक्ट्रॉनिक्स केंद्रात हे काम गंभीरपणे चालू आहे. तिथल्या मंडळींना टाळ्यांपेक्षा एक मोठी, कंटाळवाणी, दरमहा येणारी ऑर्डर द्या. दहा कोटी बोटं देशातच आहेत. घडी घालता येणारा टीव्ही थोडा थांबू शकतो, आमच्या भिंती अजून चपट्याच आहेत.

वाचकांसाठी एवढंच. उद्या कुणी मंचावर उभं राहून चमचमणारा पापुद्रा दोन बोटांत वाकवून दाखवला आणि पैसे मागितले, तर तीन प्रश्न विचारा. किती किलोमीटर छापलंत? त्यातलं चाललं किती? आणि ज्याने एकदा घेतलं, तो दुसऱ्यांदा घ्यायला आला का? तिसऱ्याला नाव-पत्त्यासकट उत्तर मिळालं तर खिशात हात घाला. पहिल्यालाच “येत्या पाच वर्षांत...” अशी सुरुवात झाली, तर तिथला चहा प्या, बिस्किटं खा आणि मागच्या दाराने निघा. पुढच्या दारात ते वर्गणीचं पुस्तक घेऊन उभे असतात.